भातशेतीतील अवजारांची पारख

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हे गाव आहे. तानसा नदीचे खोरे, एका बाजूस वज्रेश्वरी-गणेशपुरीचे उन्हाळे, आणि पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे भाताची खाचरे, असा हा परिसर. येथील शेतकऱ्याची मुख्य अडचण हल्ली जमिनीची किंवा पाण्याची नाही. ती माणसांची आहे. भिवंडीचे यंत्रमाग आणि तालुक्यात रस्त्यांच्या कडेने पसरलेली मालाची गोदामे यांत बाराही महिने रोख मजुरी मिळते. त्यामुळे लावणीच्या पंधरवड्यात व कापणीच्या आठवड्यात शेतावर माणूस मिळत नाही. पुरुष कामावर निघून गेल्यावर खाचरातील काम घरातील बायकांच्या व वडीलधाऱ्यांच्या अंगावर पडते. ज्याच्या घरी तेवढेही हात नाहीत त्याचे खाचर पडीक राहते, किंवा पिकलेले भात वेळेवर कापले न गेल्याने लोंबीतील दाणे जमिनीवर झडतात.

अशा वेळी "सुधारलेली अवजारे वापरा" असा सल्ला देणे सोपे असते. तो सल्ला प्रस्तुत लेखकानेही अनेकदा दिला आहे. पण कोणते अवजार, कोणाच्या हातासाठी व कोणत्या खाचरासाठी, हे न पाहता दिलेले अवजार घराच्या माळ्यावर जाऊन पडते. तेव्हा गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बंधुभगिनींनी अवजाराची पारख कशी करावी, त्यातील युक्ती नेमकी कोठे दडलेली असते, याचा थोडा विचार या लेखात केला आहे. उदाहरणे शक्यतो आपल्याच मुलखातील घेतली आहेत.

इरले

प्रथम एक जुनी वस्तू घेऊ. इरले सर्वांच्या परिचयाचे आहे. बांबूच्या कामट्यांची विणलेली चौकट, तीत घट्ट बसविलेली झाडाची पाने, आणि डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारा उलट्या होडीसारखा आकार. शहरातील मनुष्यास ही छत्रीची गावठी आवृत्ती वाटते. परंतु छत्री धरण्यास एक हात लागतो, आणि लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. शिवाय छत्री उभ्या माणसासाठी केलेली असते. लावणी करताना पाठ आडवी होते, आणि पाऊस डोक्यापेक्षा पाठीवर अधिक झोडपतो. इरल्याचा आकार त्या वाकलेल्या पाठीचाच आहे. ते अंगावर नुसते ठेवलेले असते, पाणी मागच्या बाजूने ओघळून जाते, पुढचा भाग उघडा राहिल्याने वारा खेळतो व अंग घामाने भिजत नाही. इरले घालून ताठ चालणे थोडे अडचणीचेच होते, आणि याचे नवल वाटावयास नको. ते चालण्यासाठी केलेलेच नाही.

आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या कापडाची खोळ वापरतात. ती हलकी व स्वस्त असते, आणि इरले विणणारे कारागीरही कमी झाले आहेत. सबब सर्वांनी पुन्हा इरल्याकडे वळावे असे सांगण्याचा हेतू नाही. मात्र खोळीच्या आत घामाने चिंब होऊन काम करणारी बाई पाहिली म्हणजे जुन्या कारागिराने जे लक्षात घेतले होते ते नव्या वस्तूत सुटले आहे, एवढे ध्यानात येते. अवजार पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा: काम करताना माणसाचे शरीर कोणत्या स्थितीत असते, आणि हे अवजार त्या स्थितीसाठी केलेले आहे काय?

मोटेचा दुसरा दोर

दुसरे उदाहरण देशावरचे. विहिरींवर तेलाची इंजिने व विजेचे पंप येण्यापूर्वी तेथे बैलांच्या मोटेने पाणी काढीत. साध्या मोटेस एकच दोर असे. मोट वर आली म्हणजे ती ओतण्यासाठी विहिरीच्या काठावर एक माणूस उभा राहावा लागे व धावेवर बैल हाकण्यास दुसरा. सोंडेच्या मोटेत हा पहिला माणूस वाचविला आहे, आणि तोही केवळ एका बारीक दोराने.

चामड्याच्या मोटेस खाली एक लांब सोंड असते. मोटेचे तोंड जाड नाड्याला बांधलेले व नाडा उंचावरील चाकावरून गेलेला. सोंडेचे टोक बारीक सोंदुराला बांधलेले व सोंदूर खाली, थारोळ्याच्या काठाशी असलेल्या रुळावरून गेलेला. दोन्ही दोर एकाच जोखडाला जोडलेले असल्याने बैल चालू लागले की दोन्ही बरोबरच ओढले जातात. मोट विहिरीतून वर येत असताना सोंड दुमडून वर धरलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठावर येताच सोंड रुळापाशी अडून थारोळ्यात पसरते, मोट मात्र चाकाकडे आणखी वर जाते, आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडते. बैल मागे सरले की मोट पुन्हा खाली. सर्व किमया दोन दोरांच्या लांबीतील फरकाची आहे. सोंदूर वीतभर लांब राहिला तर सोंड लोंबते व निम्मे पाणी विहिरीतच परत जाते. म्हणून कोणतेही अवजार "निकामी" ठरविण्यापूर्वी त्याची जुळणी बरोबर केलेली आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. आपण पुष्कळदा अवजारास नावे ठेवतो आणि दोष सोंदुराचा असतो.

लोखंडी नांगर आणि लाकडी नांगर

लोखंडी नांगराची हकीगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे बेळगावास सायकलींच्या धंद्यात पडले, तेथे त्यांनी वैरण कापण्याचे यंत्र केले व १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडे नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लाकडी नांगर जमीन फाडतो. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा मातीचा थर उचलून उलटा करतो, त्यामुळे हरळीसारख्या तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात. हा फरक शेतकऱ्याने आपल्या रानात डोळ्यांनी पाहिला तेव्हा समजूत आपोआप मागे पडली.

परंतु या हकीगतीतून "शेतकरी जुन्याला चिकटून राहतो" एवढाच बोध घेणे योग्य नव्हे. आपल्या कोकणातील खाचरांत लाकडी नांगर पुढेही दीर्घकाळ टिकला, तो अडाणीपणामुळे नव्हे. खाचरे लहान व पायऱ्यापायऱ्यांची. एकातून दुसऱ्यात जाताना नांगर खांद्यावर घेऊन बांध ओलांडावा लागतो, तेथे वजनाला महत्त्व येते. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. भाताच्या खाचरात चिखलणी होते त्याच्या खाली एक घट्ट थर तयार होतो व तो पाणी धरून ठेवतो. अवजड नांगराने खोल जाऊन तो थर फोडला तर पाणी झिरपून जाते व रोपे उघडी पडतात. ज्वारी-उसाच्या काळ्या रानात जो गुण, तोच भाताच्या खाचरात दोष ठरतो. आजही पॉवर टिलर घेताना पुष्कळजण किती खोल जातो हे विचारतात. बांधावरून कसा उतरेल व अरुंद खाचरात वळेल काय, हे विचारणारे थोडे.

खुणांचा दोर

आता भाताच्या लावणीकडे येऊ. भात ओळीत लावावे ही शिकवण नवी नाही. १९५३ च्या सुमारास जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रसार झाला तेव्हाही ओळीतील लावणी आणि ओळींमधून फिरणारे कोळपे हे तिचे प्रमुख अंग होते. तरीही आपल्याकडे लावणी बहुधा नजरेच्या अंदाजाने होते. अंदाजाची ओळ दहा पावलांवर वाकते.

डॉ. ना. कृ. सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भातशेतीत यावर एक अगदी साधे साधन आहे: नायलॉनचा दोर. त्यावर १५ सेंटिमीटर, मग २५ सेंटिमीटर, पुन्हा १५, पुन्हा २५, अशा क्रमाने रंगीत दोऱ्याच्या किंवा रंगाच्या खुणा कराव्या. खुणेपाशी एक चूड लावावा. दोर सरकवितानाही तोच क्रम ठेवावा, म्हणजे पुढची ओळ १५ सेंटिमीटरवर व त्यापुढची २५ वर. असे केल्याने चार चुडांचे १५ सेंटिमीटरचे चौकोन तयार होतात व चौकोनाचौकोनांमध्ये २५ सेंटिमीटरची मोकळी वाट राहते. त्या वाटेने माणूस पाय न अडखळता फिरतो, वारा व ऊन आत जाते.

या मांडणीचा खरा उपयोग खताच्या वेळी दिसतो. युरिया व डीएपी दाबून केलेली सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी, ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्या दिवशीच बोटाने खोचावयाची असते. फेकून दिलेला युरिया उभ्या पाण्यात विरघळतो, त्यातील बराच नत्र हवेत उडून जातो किंवा पाऊस बांधावरून वाहून नेतो. आणि जो उरतो त्यावर तणही पोसले जाते. खोल चिखलात ठेवलेल्या गोळीतील नत्र मातीच्या कणांशी धरून राहतो व चारही चुडांच्या मुळ्या तो हळूहळू घेतात. हिशेबही सोपा आहे. एका चौकोनाच्या वाट्यास मोकळ्या वाटेसह ४० गुणिले ४० सेंटिमीटर जागा येते. त्या मानाने गुंठ्यास सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे १.७ किलो खत, आणि हेक्टरी ६२,५०० गोळ्या किंवा सुमारे १७० किलो लागते. दोर नसेल तर मात्र हा हिशेबच कोसळतो. चौकोन कोठे आहे हेच कळत नाही, गोळ्या वाटेल तेथे पडतात, आणि मग "गोळ्यांचा गुण आला नाही" अशी तक्रार येते.

दोर लावणीच्या सकाळी करावयास बसू नये. पावसाळ्यापूर्वी घरी निवांत करावा, ओला करून एकदा ताणून घ्यावा व मगच खुणा कराव्या, म्हणजे पुढे ताणल्याने अंतर बदलत नाही.

ज्यांना लावणीचे मनुष्यबळच मिळत नाही त्यांच्यासाठी शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील नेरळजवळ, सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. तीत कायमचे गादीवाफे एकदाच करतात, चिखलणी व लावणी दोन्ही वगळतात, आणि लोखंडी साचा वाफ्यावर दाबून २५ सेंटिमीटर अंतरावर भोके पाडून त्यांत बी टोकतात. साचा हाही खुणांच्या दोराचाच भाऊ आहे. फरक इतकाच की तो वाफ्यावर उमटून राहतो. या पद्धतीत जमीन नांगरत नसल्याने तण हाच मोठा शत्रू असतो व तणनाशकाचा वापर अपरिहार्य होतो. म्हणून पहिल्या वर्षी सर्व खाचरे न घेता एक-दोन गुंठ्यांवर अनुभव घ्यावा आणि औषधाची मात्रा जाणकारास विचारूनच ठरवावी.

विळा, आणि तो तपासण्याची रीत

कापणीचे काम अजून पुष्कळ अंशी विळ्यानेच होते. दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या व पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव मिळालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळा तयार केला. त्याचे पाते दातेरी असते. साध्या धारेचा विळा हिसका देऊन मारावा लागतो व दिवसातून कितीदा तरी पाजळावा लागतो. दातेरी पाते ताटे पकडून धरते आणि नुसत्या ओढीने कापते. हिसका कमी बसल्याने मनगट कमी दुखते व पिकलेल्या लोंबीतील दाणेही कमी झडतात. जमिनीलगत कापता येत असल्याने पेंढा लांब मिळतो, आणि ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्यास याचे मोल सांगावयास नको.

तथापि हे कोणी छापले म्हणून मानू नये, स्वतः मोजून पाहावे. रीत अशी: एकाच खाचरात, एकाच जातीच्या भातात, सारख्या आकाराचे दोन तुकडे आखावे. एकाच व्यक्तीने एक तुकडा जुन्या विळ्याने व दुसरा नव्या विळ्याने कापावा. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करावा, कारण सकाळचा हात ताजा असतो व दुपारचा दमलेला. घड्याळ लावून वेळ टिपावी. कापल्यावर प्रत्येक तुकड्यात मीटरभर लांब-रुंद चौकोन आखून त्यात पडलेले दाणे वेचून मोजावे, आणि खोडाच्या बुडख्यांची उंची पट्टीने पाहावी. शेवटी कापणाऱ्यास विचारावे की मनगट, खांदा की कंबर, काय अधिक भरून आले. ही शेवटची नोंद बहुतेक पाहण्यांत राहून जाते, आणि अवजार पुढच्या वर्षी वापरले जाईल की नाही हे बहुधा तीच ठरविते. नवशिक्या हाताला पहिल्या दिवशी नवा विळा हळू चालतो. तेवढ्यावरून निकाल देऊ नये. मूठ पकडल्यावर बोटांची पेरे जमिनीस घासत असतील तर मात्र तो विळा त्या हाताचा नव्हे.

याच विद्यापीठाचा नूतन झेला आंबा काढण्यासाठी आहे. तो फळ थोड्या देठासह उतरवितो, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. अंबाडीकडे हापूसच्या बागा थोड्या, म्हणून त्याचा येथे केवळ उल्लेख करून थांबतो. पायाने चालविण्याच्या मळणी यंत्राविषयी मात्र एक सूचना द्यावीशी वाटते. लाकडी पट्ट्यांवर तारेचे आकडे बसविलेला त्याचा पिंप वेगाने फिरत असतो. पेंढी हातातच राहत असल्याने पेंढा मोडत नाही, हा त्याचा गुण. परंतु पदर, मोकळे केस व बांगड्या यांना त्यापासून धोका असतो. दात्यांच्या चाकांवर पत्र्याचे झाकण नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

एक चूक

आता या लेखाचे जे निमित्त आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका गावी प्रस्तुत लेखकाने महिलांच्या बचत गटास सहा कोनोवीडर मिळवून दिले. शंकूच्या आकाराची दोन दातेरी चाके व पुढे चिखलात रुतू न देणारा तरंगता पत्रा असे हे कोळपे असते. पुढेमागे ढकलले की तण चिखलात गाडले जाते व मुळांशी हवा खेळते. प्रात्यक्षिक उत्तम झाले. एका तरुणाने सरळ ओळींच्या खाचरात ते सफाईने चालवून दाखविले, छायाचित्रे निघाली, अहवाल गेला.

पुढच्या श्रावणात त्या गावी गेलो असता सहाही कोळपी माळ्यावर आढळली व बायका वाकून हातानेच बेणणी करीत होत्या. कारण विचारल्यावर एक वयस्क मावशी म्हणाल्या, "साहेब, आम्हाला ते बघायला बोलावलं होतं, ढकलायला नाही." नंतर त्यांनी बांधावर एक कोळपे आणवून स्वतः चालवून दाखविले. पुरुषाच्या कमरेशी येणारा दांडा त्यांच्या छातीशी येत होता; हात वर धरून ढकलताना जोर चाकावर न पडता खांद्यावर पडत होता. चार हात पुढे गेल्यावर ओळ वाकडी झाली आणि दोन चूड मुळासकट वर आले. मावशींनी ते उचलून पुन्हा चिखलात खोचले आणि कोळपे बांधाला टेकवून ठेवले. त्यावर उत्तर देण्यासारखे काही नव्हते. अवजारात दोष नव्हता. ज्या हातांत ते जावयाचे होते त्या हातांचे माप कोणी घेतले नव्हते, आणि ज्या ओळींत ते फिरावयाचे होते त्या ओळी आखण्याचा दोर कोणी दिला नव्हता.

दुरुस्ती स्वस्तात झाली. वेल्डिंगच्या दुकानात दांड्यास पाच-पाच सेंटिमीटरवर पाच भोके पाडून घेतली व बोल्टने उंची कमी-अधिक करण्याची सोय केली. मूठ ज्याच्या त्याच्या कोपराच्या किंचित खाली येईल अशी लावावयाची, हे ठरले. पुढच्या लावणीस गटातील तीन घरांनी खुणांचा दोर वापरला. कोळपे चालविताना खाचरात पाण्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा पातळ थर ठेवला. कोरड्यात चाक फिरत नाही व जास्त पाण्यात तण तरंगून पुन्हा रुजते, हेही तेव्हाच नीट उमगले. त्या हंगामात सहापैकी चार कोळपी चालली. दोन मात्र गुडघाभर रुतणाऱ्या खोल चिखलाच्या खाचरांसाठी निरुपयोगी ठरली, आणि ती शेजारच्या वरकडच्या गटास देऊन टाकण्यात आली. त्यांचे दांडेही देण्यापूर्वी भोके पाडून घेतले होते.